मोगऱ्याची एक बाटली: अंगावर, मेणात आणि साबणात

सुगंधी तेलाच्या बाटलीवर ‘मोगरा’ लिहिलेलं असलं तरी आत मोगऱ्याचं फूल बहुधा नसतं. यात फसवणूक काही नाही. फुलांपासून काढलेलं ॲब्सोल्यूट, म्हणजे फुलांचा दाट सुगंधी अर्क, किंवा कनौजला देग-भपक्यात (ऊर्ध्वपातनाच्या तांब्याच्या भांड्यांत) चंदनतेलावर उतरवलेलं मोतियाचं, म्हणजे मोगऱ्याचंच, अत्तर इतकं महाग पडतं, की ते साबणात ओतायला हात धजत नाही. गुलाबाचं एक किलो तेल निघायला तर साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणून आपण घरी वापरतो ते फ्रेग्रन्स ऑइल: बेंझिल ॲसिटेट, लिनालूल, किंचित इंडोल असे घटक मोजून केलेलं मिश्रण. मला त्याचं वावडं नाही. वसईत राहते, मोगरा आणि सोनचाफा दारावर येतो, त्यामुळे खरा वास नाकाला ठाऊक आहे. नवी बाटली त्याच्याशी ताडून बघते.

बाटलीला थेट नाक लावू नका. कागदाच्या पट्टीवर थेंब घ्या. लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी हुंगा. पहिल्यांदा डांबरगोळीची आठवण आली तर बाटली परत करायची घाई नको. तो इंडोल, पातळ झाला की तोच फुलासारखा वाटतो.

विक्रेत्याकडून इफ्राचं (सुगंधांच्या सुरक्षित वापराचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसारचं) प्रमाणपत्र मागून घ्या. त्यात गट असतात: चौथा अत्तरांचा, नववा धुऊन टाकायच्या साबणांचा, बारावा मेणबत्त्यांचा. प्रत्येकापुढे जास्तीत जास्त किती टक्के ते लिहिलेलं असतं. एकच तेल मेणात बिनधास्त चालतं आणि अंगावर जेमतेम दोन टक्के चालतं, असं होऊ शकतं. कागद द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी तेल घेत नाही, वास कितीही गोड असो. आणि थेंब मोजणं सोडा. प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या.

अंगावर लावायचं सगळ्यात सोपं. १० मिलीच्या रोल-ऑन बाटलीत ७.५ ग्रॅम होहोबा तेल आणि १ ग्रॅम सुगंध. चौथ्या गटाची मर्यादा त्याहून कमी असेल तर तेवढंच. नुसता मोगरा तासाभरात सपाट होतो. त्याला खाली धरून ठेवणारं काहीतरी लागतं. लोक चंदन घालतात. मला वाळा आवडतो. ०.७ मोगरा आणि ०.३ वाळा घातला की उन्हाळ्यातल्या माठाच्या पाण्याचा गारवा येतो. आठवडाभर अंधारात ठेवा, मग कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा. डबीतलं घट्ट अत्तर हवं असेल तर एक भाग मधमाश्यांचं मेण, तीन भाग बदाम तेल एकत्र वितळवा, आणि जरा निवल्यावर, पण घट्ट व्हायच्या आत सुगंध. सर्जिकल स्पिरिटमध्ये सुगंध मिसळून स्प्रे करायच्या भानगडीत पडू नका, दवाखान्याचा वास जात नाही.

मेणबत्तीसाठी २०० ग्रॅम सोया मेणाला १४ ग्रॅम तेल, म्हणजे सात टक्के. मेण पाण्याच्या पातेल्यावर ठेवून ८० अंशांपर्यंत वितळवा, आचेवरून उतरवा, ७०-७५ला आलं की तेल घालून दोन मिनिटं सावकाश ढवळा. काचेच्या भांड्यात ५५-६०ला ओता. जास्त तेल म्हणजे जास्त वास, हा गैरसमज. मेणात न मुरलेलं तेल वर घाम आल्यासारखं साचतं आणि ते पेटूही शकतं. वास पसरतो तो वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून, म्हणून वात भांड्याच्या रुंदीला साजेशी घ्या. बारीक वात मधोमध खड्डा करते आणि कडेचं मेण तसंच राहतं. फोटोत दिसतात तशा वाळक्या पाकळ्या वर लावू नका. त्या वातीसारख्याच जळतात. मेण पेटलंच तर पाणी नाही, झाकण. पेटवायच्या आधी दोन आठवडे मुरू द्या, म्हणजे दिवाळीच्या मेणबत्त्या दसऱ्याच्या आधीच ओतायच्या. नागपूरच्या जाऊबाईंना मी मार्चनंतर पाठवत नाही; तिथल्या उन्हात सोया मेण वाटेतच मऊ पडतं.

खरी परीक्षा साबणात. कॉस्टिक सोड्याशी गाठ पडली की फुलांच्या वासाची तेलं बिथरतात.

माझं ५०० ग्रॅम तेलांचं प्रमाण: ऑलिव्ह २५०, खोबरेल २००, एरंडेल ५०. त्याला ७२ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड (हाच कॉस्टिक सोडा) आणि १४५ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी. तेल बदललं तर सोडा पुन्हा मोजावाच लागतो. ते मोजून देणारे ऑनलाइन लाय कॅल्क्युलेटर आहेत. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी, स्टीलचं भांडं. ॲल्युमिनियम अजिबात नको. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही.

सुगंध १५ ग्रॅम, तेलांच्या तीन टक्के. नवव्या गटाची मर्यादा बघूनच. सोड्याचं पाणी आणि तेलं दोन्ही ३५ अंशांच्या आसपास येऊ द्या. साचा आधीच तयार हवा. सोड्याचं पाणी तेलांत ओतून ब्लेंडर थोडाच फिरवा, मिश्रण पातळ ताकासारखं असतानाच थांबा. सुगंध आधी बाजूला काढलेल्या दोन चमचे ऑलिव्ह तेलात मिसळून मग हातानं ढवळत घाला. ब्लेंडर आता बाजूला. एवढं करूनही काही मोगरे क्षणात घट्ट होतात. भातासारखे कण दिसले तर एकदा जोरात घोटून लगेच ओता. गोळाच झाला तर चमच्यानं साच्यात दाबा. दिसायला ओबडधोबड होतो, पण अंगाला तो साबण चालतो. लवंगेच्या वासाच्या तेलांत युजेनॉल हा घटक असतो, ती घट्ट व्हायला याहून उतावळी, म्हणून नवी बाटली आधी १०० ग्रॅमच्या छोट्या घाण्यात तपासा.

रंगाचंही आधीच ठरवा. इंडोलमुळे मोगऱ्याचा साबण पिवळसर-तपकिरी होतो, व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचा घटक) असेल तर चक्क चॉकलेटी. व्हॅनिलिनचं प्रमाण विक्रेत्याला विचारा. पांढराशुभ्र मोगरा साबण हवा, अशी मागणी आली की मी सरळ नाही म्हणते.

दिवसभरानं कापा, मग चार ते सहा आठवडे हवेशीर सुकवा. सोड्याची धास्ती असेल तर मेल्ट अँड पोअर बेस, म्हणजे आधीच तयार केलेला साबण, वितळवून ५५-६० अंशांना एक टक्का सुगंध घाला. फक्त पावसाळ्यात त्यातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, गार झाल्याबरोबर गुंडाळून ठेवा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून छोट्या वड्या द्यायच्या तर नोव्हेंबर संपायच्या आत घाणा घाला. प्रत्येक वडीवर तारीख आणि सुगंधाचं नाव लिहा. एखादीला एखादा वास सोसत नाही, तिला कळायला हवं. वाणातल्या वड्या बघून शेजारणी पैसे देऊ करतील, पण विकायला साबण करायचा म्हणजे राज्याच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) सौंदर्यप्रसाधन उत्पादनाचा परवाना लागतो. मेणबत्त्यांना तो लागत नाही.