मिरगाच्या आधी सर्व्हरचा बूट क्रम आणि मेंटेनन्स पॉलिसी कशी लावावी

वळीव सुरू झाला की कोकणात लाईटचा भरवसा राहत नाही. कुडाळची पतसंस्था असो की चिपळूणचं रुग्णालय, सर्व्हर अचानक बंद होऊन पुन्हा चालू होण्याची वेळ पावसाळ्यात येतेच. लाईट आल्यावर तो कुठून उठायचा प्रयत्न करेल हे बूट क्रम ठरवतो. तुम्ही सेटिंग बदललंत म्हणून तो भर कामात रीबूट होईल का, हे मेंटेनन्स पॉलिसी ठरवते. दोन्ही ७ जूनच्या आत लावून टाका. इथे सिस्को यूसीएस मॅनेजरमधली (सिस्कोचे सर्व्हर एका जागेवरून सांभाळायच्या सॉफ्टवेअरमधली) पद्धत दिली आहे.

'सर्व्हर्स' टॅबमध्ये 'पॉलिसीज', त्यात 'रूट', त्याखाली 'बूट पॉलिसीज'. राइट क्लिक करून नवी पॉलिसी तयार करा. नाव १६ अक्षरांत बसवावं लागतं, पण ते वाचून तुमच्या जागी येणाऱ्यालाही अर्थ लागला पाहिजे.

आता बूट मोड, म्हणजे सर्व्हर सुरू व्हायची पद्धत: लेगसी (जुनी) की यूईएफआय (नवी)? इथे घाई नको. ऑपरेटिंग सिस्टीम लेगसीत बसवलेली असेल आणि तुम्ही यूईएफआय निवडलंत, तर डिस्क धडधाकट असूनही सर्व्हर उठणार नाही. आज कोणता मोड चालू आहे ते आधी बघा.

मग क्रम. लोकल डिस्क (किंवा सॅन, म्हणजे नेटवर्कने जोडलेलं सामायिक स्टोरेज) सगळ्यात वर, त्याखाली रिमोट सीडी (दुरून जोडलेली सीडी), आणि लॅन शेवटी. लॅन वर राहिलं तर लाईट आल्यावर सर्व्हर आधी नेटवर्कवरून बूट व्हायला बघतो. तोवर स्विच उठलेला नसतो आणि वेळ फुकट जातो. त्याहून वाईट म्हणजे नेटवर्कवर इन्स्टॉलेशन सर्व्हर चालू असेल, तर चालत्या मशिनवर नवी सिस्टीम चढायची भीती. सॅनवरून बूट होत असेल तर लाईट आल्यावर आधी स्विच, मग स्टोरेज, मगच सर्व्हर चालू करा.

'रीबूट ऑन बूट ऑर्डर चेंज' समोरची खूण काढून ठेवा. ती राहिली तर क्रम बदलताच ही पॉलिसी वापरणारे सगळे सर्व्हर रीबूट होतात.

मेंटेनन्स पॉलिसीत मुख्य पर्याय तीन. 'इमिजिएट' म्हणजे बदल सेव्ह केला की लगेच रीबूट. चालत्या कामासाठी हा नकोच. 'टायमर ऑटोमॅटिक' ठरवलेल्या वेळी बदल लागू करतो. मोठ्या शहरातल्या डेटा सेंटरला तो सोयीचा. आपल्याकडे मध्यरात्री फर्मवेअर (हार्डवेअरमधलं मूळ सॉफ्टवेअर) चढत असताना लाईट गेली तर जागेवर कोणी नसतं. म्हणून माझा आग्रह 'यूझर अ‍ॅक'चा. बदल 'पेंडिंग अ‍ॅक्टिव्हिटीज'मध्ये थांबून राहतो आणि तुम्ही मंजुरी दिल्यावरच रीबूट होतो.

दोन्ही पॉलिसी सर्व्हिस प्रोफाइलला (एका सर्व्हरच्या सगळ्या सेटिंगच्या संचाला) जोडा. प्रोफाइल 'अपडेटिंग' टेम्पलेटला बांधलेलं असेल तर टेम्पलेटमधला एक बदल सगळ्या सर्व्हरना लागतो, म्हणून आधी प्रोफाइलची यादी तपासा.

काउंटर बंद झाल्यावर, यूपीएसची बॅटरी भरलेली असताना, एकाच सर्व्हरवर मंजुरी द्या. केव्हीएम कन्सोल (सर्व्हरचा स्क्रीन दुरून दाखवणारी खिडकी) उघडा ठेवून तो डिस्कवरूनच उठतोय ना ते डोळ्यांनी बघा, मग बाकीचे घ्या. गणपतीत निम्मा स्टाफ रजेवर असतो; त्या आठवड्यात एकही मंजुरी देऊ नका.