क्योटो एका दिवसात बघताय? मग या चुका टाळा

पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचा बेत असा होता, सकाळी अराशियामाचं बांबूचं बन, दुपारी सोन्याचं मंदिर म्हणजे किनकाकुजी, मग कियोमिझूचं मंदिर आणि जमलं तर फुशिमी इनारीचं देवस्थान. झालं काय, तर निम्मा दिवस बसमध्ये उभं राहून गेला आणि आईचे गुडघे दुपारीच बोलायला लागले.

जायच्या आधी नकाशा उघडून बघाच. अराशियामा पश्चिमेच्या टोकाला, किनकाकुजी वायव्येला, कियोमिझू पूर्वेच्या डोंगरावर आणि फुशिमी इनारी दक्षिणेला. 794 पासून 1868 पर्यंत जपानची राजधानी असलेलं शहर आहे हो, चारही कोपरे एका दिवसात उरकायचे नसतात. एकच बाजू धरा. माझं मत विचाराल तर दक्षिणेतून सुरू करून पूर्व बाजू.

दुसरी चूक म्हणजे नाश्ता वगैरे आटपून दहाला बाहेर पडणं. इनारी चोवीस तास उघडं असतं, तिकीटही नाही, सातला पोचलात तर लाल तोरींखालून, म्हणजे देवस्थानाच्या कमानींखालून, शांतपणे चालता येतं, दहानंतर मुंगी शिरायला जागा नसते. चढताना खांब नुसते लाल दिसतात, पण उतरताना मागे वळून बघा, प्रत्येकावर काळ्या अक्षरात तो देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली असते. इनारी ही भाताची देवता, म्हणून तिथल्या एखाद्या कोल्ह्याच्या मूर्तीच्या तोंडात कोठाराची किल्ली दिसते. पूर्ण डोंगर 233 मीटरचाच आहे पण फेरीला दोन-तीन तास जातात, त्यामुळे वाटेतल्या योत्सुत्सुजी या चौकापर्यंत जा, शहर बघा आणि परत फिरा.

आता ट्रेनचं. क्योटो स्टेशनवरून जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, नारा लाईनची लोकलच पकडा, इनारी दुसरंच स्टेशन आहे. रॅपिड, म्हणजे जलद गाडी, तिथे थांबत नाही! चुकून मियाकोजी रॅपिडमध्ये बसलात तर घाबरू नका, तोफुकुजीला उतरा आणि मागून येणारी लोकल घ्या.

इनारीहून केइहान लाईनने शिचिजोला उतरून सांजूसांगेनदोचं बौद्ध मंदिर बघा. बरेच लोक हे सोडून देतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण तिथे कान्नोनच्या म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या 1001 मूर्ती एका लांबलचक दालनात ओळीने उभ्या आहेत आणि त्यांच्यासोबत 28 रक्षक देवता आहेत, त्यातल्या बऱ्याचशा मूळच्या आपल्याकडच्याच. गरुड तर लगेच ओळखू येतो, पंख, चोच आणि हातात बासरी, आई त्याच्यासमोरून हलेचना. आत फोटो काढू देत नाहीत. बूट बाहेर काढावे लागतात, तेव्हा लेसवाले बूट नकोत आणि मोजे धड असलेले घाला. तिथून कियोमिझू चालत वीस-पंचवीस मिनिटांवर.

बसचा वन डे पास घ्या असं जुन्या माहितीत अजून लिहिलेलं असतं, तो बंद झालाय. आता सबवे आणि बसचा मिळून 1100 येनचा पास मिळतो. सिटी बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ पैसे द्यायचे. मोठ्या बॅगा घेऊन बसमध्ये चढू नका, हॉटेलात ठेवून निघा. किनकाकुजी बघायचंच असेल तर सबवेने किताओजीला जा आणि तिथून बस घ्या, बराच वेळ वाचतो.

शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, कारण सूपमध्ये, सॉसमध्ये सगळीकडे दाशी, म्हणजे चवीचं पातळ पाणी, असतं आणि ते बहुतेक वेळा माशाचं. इनारी सुशीसुद्धा, दिसायला नुसतं टोफूचं पाकीट आणि भात, पण ते पाकीट बऱ्याचदा त्यातच शिजवलेलं असतं. देवळांच्या आसपास शोजिन र्योरी मिळालं तर निर्धास्त खा, ते बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण, नाहीतर पर्समध्ये दशम्या असू द्या. कचऱ्याचे डबे फारसे दिसत नाहीत, तर एक रिकामी पिशवीही ठेवा. देवळांच्या तिकिटासाठी रोख येन लागतातच.

गिओनमध्ये, म्हणजे गेइशांच्या जुन्या वस्तीत, गेइशामागे कॅमेरा घेऊन धावू नका, प्लीज. त्या कामाला निघालेल्या असतात. 2024 पासून तिथल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद आहेत, 10,000 येन दंडाच्या पाट्या लागल्यात.

आणि उशीर झालाच तर? बरीचशी देवळं पाचच्या सुमारास बंद होतात, निजो किल्ल्यात तर चारनंतर आत घेतच नाहीत, नोव्हेंबरात पाचच्या आत सूर्यही मावळतो. अशा वेळी धावपळ न करता गिओनच्या टोकाला यासाका देवस्थानात जा, ते रात्रीही उघडं असतं, मधल्या मंडपावरचे कंदील तेव्हाच पेटतात.