‘५-० असा नॉकआउट विजय’ आणि अशाच इतर चुका टाळा

क्रीडापानावर काम करताना माझ्या हाताखालून गेलेली एक ओळ अजून टोचते: ‘अंतिम फेरीत ५-० असा दणदणीत नॉकआउट विजय’. बातमी मुष्टियुद्धाची होती. पान सोडायची वेळ झाली होती, ओळ ऐकायला भारदस्त वाटली आणि मी ती जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त प्रशिक्षकांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, “अहो, नॉकआउट झाला तर ५-० मोजले कोणी?”

बरोबरच होतं त्यांचं. ५-० म्हणजे पाचही गुणपंचांनी एकाच बाजूने कौल दिला. कौल द्यायची वेळ आली, याचाच अर्थ लढत शेवटच्या घंटेपर्यंत चालली. नॉकआउट झाला असता तर गुणांची बेरीज करायची गरजच उरली नसती. निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला विश्वविजेती झाली, तिची अंतिम लढत ५-० अशीच होती. निर्विवाद विजय, पण गुणांवर मिळवलेला. तो सांगायला ‘एकमुखी कौल’ हा शब्द पुरेसा आहे.

तेव्हापासून ‘नॉकआउट’ दिसला की मी थांबतो. हा शब्द मराठीत इतक्या वाटांनी आला आहे की प्रत्येक वाटेवर एक खड्डा आहे.

पडणं म्हणजे नॉकआउट नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा मुळाशी जाऊ. इंग्लंडमध्ये हातमोज्यांविना लढायचे तेव्हा १८३८ च्या लंडन नियमांप्रमाणे कोणी पडला की फेरीच संपायची. पडलेल्याला तीस सेकंदांची उसंत आणि त्यानंतर आठ सेकंदांत मधल्या रेषेपाशी यायची मुभा असे. १८६७ मध्ये क्वीन्सबेरी नियम प्रसिद्ध झाले. त्यांनी तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती, हातमोजे आणि पडलेल्याला स्वतःच्या बळावर उठायला दहा सेकंद अशी घडी बसवली. इंग्रजीतला जुना वाक्प्रचारही वेळेच्याच हिशोबाचा होता: ठोसा खाऊन वेळेबाहेर फेकला जाणं. म्हणजे ‘आउट’ माणूस नाही, त्याची वेळ. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे घोळ आपोआप सुटतात.

पायाच्या तळव्यांखेरीज शरीराचा कोणताही भाग ठोशामुळे जमिनीला टेकला की तो नॉकडाउन. गुडघा टेकला तरी नॉकडाउन. फक्त दोरांमुळे उभा राहिला असेल तरीही पंच तो नॉकडाउन धरू शकतात. मोजणी सुरू होते. दहाच्या आत उठला आणि लढण्याच्या स्थितीत असला तर लढत चालू. ती फेरी बहुधा १०-८ अशी (पाडणाऱ्याला १०, पडलेल्याला ८) गुणांकित होते, एवढंच. दहापर्यंत उठला नाही तर नॉकआउट. ‘दुसऱ्या फेरीत नॉकआउट होऊनही त्याने पुनरागमन करत लढत जिंकली’ असं वाक्य म्हणूनच अशक्य आहे. तिथे नॉकडाउन हवा.

उठला तरी पंच आठपर्यंत मोजतात. ती सक्तीची मोजणी. आणि घंटा वाजली म्हणून पडलेला वाचतो, हा समजही सोडा. अमेरिकेतल्या व्यावसायिक लढतींच्या एकीकृत नियमांत कोणत्याही फेरीत घंटा वाचवत नाही.

बरं, ही दहा सेकंदं घड्याळाची की पंचांच्या तोंडची? २२ सप्टेंबर १९२७ ला शिकागोत जॅक डेम्प्सीने जीन टनीला पाडलं, पण नियमाप्रमाणे दूरच्या तटस्थ कोपऱ्यात जायला त्याने वेळ लावला. तो जाईपर्यंत पंचांनी मोजणी सुरू केली नाही. टनी नऊच्या आकड्यावर उठला. प्रत्यक्षात तेरा-चौदा सेकंद होऊन गेली होती. लढत टनीने गुणांवर जिंकली. म्हणून ‘दहा सेकंद पडून होता’ लिहिण्यापेक्षा ‘दहापर्यंतच्या मोजणीत उठू शकला नाही’ लिहा.

चितपट करू नका

आपल्या भाषेला कुस्तीची माती लागलेली आहे. धूळ चारली, अस्मान दाखवलं, लोळवलं, चितपट केलं, ही सगळी तालमीची देणगी. मथळ्यात ती छान बसते, आणि तिथेच फसवते. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. मुष्टियुद्धात पाठ टेकली तर मोजणी सुरू झाली, बस. ‘तिसऱ्या फेरीत चितपट’ वाचणाऱ्या कोल्हापूरच्या वाचकाला वाटेल लढत तिसऱ्या फेरीत संपली. ती बाराव्या फेरीपर्यंत गेली असेल तर तुम्ही त्याला चुकीची बातमी दिलीत.

तशीच गत ‘तांत्रिक’ या शब्दाची. कुस्तीत तांत्रिक श्रेष्ठता म्हणजे गुणांचा ठरावीक फरक पडला की लढत थांबणं. मुष्टियुद्धातला टेक्निकल नॉकआउट गुणांशी संबंधित नाही. समोरचा आता स्वतःचं रक्षण करू शकत नाही असं पंचांना किंवा डॉक्टरांना वाटलं, किंवा त्याच्याच कोपऱ्याने, म्हणजे कोपऱ्यातल्या प्रशिक्षक-सहायकांनी, माघार घेतली, की तो लागू होतो. ऑलिंपिक पद्धतीच्या लढतीत पंचांनी लढत थांबवली की त्याला आरएससी म्हणतात. ‘तांत्रिक कारणाने लढत थांबली’ असं भाषांतर कराल तर वाचकाला वाटेल लाइट गेली.

मोहम्मद अली यासाठी उत्तम उदाहरण आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात त्याने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडलं आणि मोजणी पूर्ण झाली, तो नॉकआउट. पुढच्या वर्षी मनिलात चौदा फेऱ्यांनंतर जो फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला पंधराव्यासाठी उठूच दिलं नाही. फ्रेझर तेव्हा स्टुलावर बसलेला होता, पडलेला नव्हता. त्याला ‘अलीने नॉकआउट केलं’ लिहिणं फ्रेझरवर अन्याय आहे. अलीच्या ५६ विजयांपुढे ‘३७ नॉकआउट’ असतात त्यात असे थांबवलेले विजयही धरलेले आहेत. आकडा देताना हे ध्यानात ठेवा. आणि खुद्द अली? कारकिर्दीत त्याची दहापर्यंत मोजणी कधीच झाली नाही. १९८० मध्ये लॅरी होम्सविरुद्ध दहा फेऱ्यांनंतर त्याच्या कोपऱ्यानेच लढत थांबवली. ‘अली कधीच नॉकआउट झाला नाही’ आणि ‘अलीची लढत एकदा थांबवावी लागली’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत.

बेशुद्धी गृहीत धरू नका, झाली तर हलकी घेऊ नका

नॉकआउट म्हणजे बेशुद्ध, हे समीकरणही डळमळीत आहे. २००४ मध्ये लास व्हेगासला बर्नार्ड हॉपकिन्सचा ठोसा ऑस्कर डे ला होयाच्या यकृतापाशी बसला. डे ला होया शुद्धीत होता, ऐकत होता, पण दहापर्यंत शरीर उठेना. तो नॉकआउटच.

डोक्याला मार बसून खरोखर शुद्ध गेली, तर मात्र तो मेंदूला झालेला आघात असतो, भले अर्ध्या मिनिटात डोळे उघडोत. इथे आपल्याकडच्या सवयी नडतात. तोंडात पाणी ओतणं, कांदा हुंगवणं, गदागदा हलवणं, काखेत हात घालून उभं करणं, यातलं काहीही करू नका. मानेला इजा असू शकते. डोकं-मान स्थिर ठेवा, श्वास पाहा, डॉक्टर बोलवा. ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला तरी त्या दिवशी पुन्हा सरावाला उतरवायचं नाही.

बाद फेरी आणि बाद माणूस

स्पर्धांच्या भाषेत नॉकआउट म्हणजे हरला तो घरी. याला मराठीत ‘बाद पद्धत’ हा सुटसुटीत शब्द आहेच, साखळीच्या जोडीला शोभणारा. गंमत अशी की ऑलिंपिकचं मुष्टियुद्ध पहिल्या लढतीपासून बाद पद्धतीचं असतं आणि त्यातल्या बहुतेक लढती गुणांवर संपतात. पॅरिसला २०२४ मध्ये निखत वू यूकडून ०-५ अशी हरली. ‘निखत नॉकआउट’ हा मथळा स्पर्धेच्या अर्थाने खरा, लढतीच्या अर्थाने खोटा. वाचक कोणता अर्थ घेईल, हे सांगायची सोय मथळ्यात नसते. ‘निखतचे आव्हान संपुष्टात’ लिहा, झालं. आणि अपवादही आहे: उपांत्य फेरीत हरणारे दोघेही कांस्य घेऊन जातात. लवलिना बोर्गोहेनने टोकियोत असंच पदक मिळवलं.

क्रिकेटवाल्यांची आवडती चूक आयपीएलची. ‘प्लेऑफ म्हणजे नॉकआउट’ असं सरसकट लिहिलं जातं. क्वालिफायर एक हरणाऱ्याला दुसरी संधी मिळते, म्हणून तो सामना बाद फेरीचा नाही. एलिमिनेटर मात्र बाद फेरीचा आहे. ‘चॅम्पियन्स ट्रॉफी ही नॉकआउट स्पर्धा’ असंही वाचायला मिळतं. १९९८ ला ढाक्यात आणि २००० ला नैरोबीत ती तशी होती, दुसऱ्या वेळी नावातच नॉकआउट होतं आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडने आपल्याला हरवलं. २००२ पासून त्यात गटसाखळी आली.

खेळाबाहेरचे नॉकआउट

विज्ञानाच्या एका अनुवादात मी ‘बेशुद्ध केलेले उंदीर’ वाचलं आहे. मूळ शब्द नॉकआउट माउस. बिचारा उंदीर टुणटुणीत असतो. त्याच्या डीएनएमधलं एखादं जनुक कायमचं निकामी केलेलं असतं, त्या जनुकाचं काम काय ते कळावं म्हणून. या तंत्रासाठी कापेकी, एव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं. तिथेही नॉकडाउन वेगळा आहे: जनुक जागेवर, फक्त त्याचा परिणाम कमी केलेला. पडला, पण बाद नाही. जीवशास्त्रज्ञांनी मुष्टियुद्धाचा फरक आपल्यापेक्षा नीट पाळला आहे.

चाकणच्या कारखान्यांकडून बातमीत ‘सीकेडी’ (कम्प्लीटली नॉक्ड डाउन) आलं, तर त्यातला नॉकडाउन म्हणजे सुट्या भागांत आलेली गाडी. ती ‘पूर्णपणे पाडलेली’ नसते. इलेक्ट्रिशियनच्या लोखंडी बॉक्सवरचा नॉकआउट म्हणजे ठोकला की निघणारी गोल चकती.

आणि शेवटचा नॉकआउट छपाईचा. रंगीत पट्टीवर अक्षर येतं तेव्हा त्याखालचा रंग कापून काढायचा की त्यावरच छापायचं, हे ठरवावं लागतं. कापणं म्हणजे नॉकआउट, वर छापणं म्हणजे ओव्हरप्रिंट. बारीक काळा मजकूर नॉकआउट ठेवला आणि छपाईत रंग जरासा सरकला, तर अक्षरांच्या कडेला पांढरी रेघ दिसते. म्हणून काळा मजकूर ओव्हरप्रिंट. पांढऱ्या अक्षरांचं उलट. पांढरी शाई नसतेच, कागद दिसतो. ती नॉकआउटच हवीत, नाहीतर खालचा रंग सलग छापला जातो आणि अक्षरं गायब. पडद्यावर मात्र सगळं ठीक दिसतं, त्यामुळे फाइल पाठवण्याआधी ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करून पाहा.

आम्ही एकदा पाहिलं नाही. लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत मथळा होता आणि सकाळी अंकात नुसती लाल पट्टी आली. मथळ्यात शब्द एकच होता, ‘नॉकआउट!’ आणि त्या दिवशी तो बातमीच्या दृष्टीने अगदी बरोबर होता.