जुना तंबोरा ऑनलाइन घेताना: सांगली-मिरजेकडच्या नवशिक्यांसाठी

गाण्याच्या क्लासला वर्ष झालं, मोबाइलवरच्या तानपुऱ्याचा कंटाळा आला, की नजर ओएलएक्स नाहीतर फेसबुक मार्केटप्लेसकडे वळते. जुने तंबोरे, म्हणजे तानपुरेच, तिथे भरपूर दिसतात. बहुतेक ‘मिरज मेड’, सगळेच ‘उत्तम स्थितीत’, आणि फोटो दोनच: एक लांबून सोफ्याला टेकवलेला, दुसरा नक्षीचा जवळून. या दोन्ही फोटोंवरून काहीही कळत नाही.

जुन्या तंबोऱ्यात दोन प्रकारचे दोष असतात. जवारी (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीमुळे येणारी गुंज) गेलेली, तारा गंजलेल्या, सूत-मणी (तारेखालचा दोरा आणि सूर बारीक जुळवायचे मणी) हरवलेले, पॉलिश उडालेलं, खुंट्या घसरणाऱ्या, हे सगळं दुरुस्त होतं. भोपळा तडकलेला, गळ्याचा सांधा उघडलेला, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) बसलेली, यातलं काही असेल तर तंबोरा फुकट मिळाला तरी महागच पडतो. मुंबईतला माणूस ‘वाजत नाही’ म्हणून जो तंबोरा सोडून देतो, तो सांगलीकराने जरूर बघावा, कारण जवारी काढून देणारा कारागीर मिरजेत, म्हणजे दहा-बारा किलोमीटरवर बसलेला आहे. नुसती जवारी गेल्यामुळे स्वस्तात निघालेला तंबोरा हाच आपल्याकडचा खरा सौदा.

आधी पट्टी ठरवा

जाहिराती बघण्याआधी तुमची पट्टी कोणती, म्हणजे तुमचा सा कुठल्या सुरावर लागतो, ते गुरुजींना किंवा बाईंना विचारा. पुरुषांचा षड्ज (सा) बहुतेक काळी एकच्या, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या सुराच्या आसपास असतो, बायकांचा काळी चार ते काळी पाच. ट्यूनर ॲपवर हेच सूर सी शार्प, जी शार्प आणि ए शार्प असे दिसतात. पुरुषी तंबोरा उंचीला सुमारे पाच फूट असतो, बायकी चार ते साडेचार. हा फरक नुसता दिसण्याचा नाही. बायकी तंबोरा काळी एकला उतरवला तर तारा लोंबतात आणि जवारी बोलत नाही. पुरुषी तंबोरा काळी पाचला चढवायला गेलात तर जोडीच्या (मधल्या दोन) तारा तुटतात, आणि नाही तुटल्या तर तो ताण गळ्यावर आणि तबलीवर येतो. अर्धा-एक सूर इकडेतिकडे चालतो, त्यापलीकडे ओढाताण होते.

आवाज फुटायच्या वयातल्या मुलासाठी तंबोरा आत्ताच घेऊ नका. दोन वर्षं ॲपवर काढा, पट्टी ठरली की घ्या.

फोटोत आकार कळत नाही, त्यामुळे तंबोऱ्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो मागा. सतार-सरोदच्या साथीला वापरतात ती दोन-तीन फुटांची तंबोरीही ‘तानपुरा’ म्हणूनच विकायला येते. घोडीपासून वरच्या अटीपर्यंत (खुंट्यांजवळचा आडवा तुकडा, ज्यावरून तारा जातात) तार किती इंच आहे, तेही मोजून घ्या. हा आकडा मिरजेतल्या कुठल्याही सतारमेकरांना सांगितलात, तर तो तंबोरा कोणत्या पट्टीला चालेल आणि त्याला कोणत्या जाडीच्या तारा लागतील, याचा अंदाज ते फोनवरही देतात.

जाहिरातीतले शब्द

‘मिरज मेड’ हे जाहिरातीत कोणीही लिहू शकतो आणि चिकटवलेलं लेबल पुरावा ठरत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं ते २०२४ मध्ये. तेव्हा तीस वर्षं जुन्या तंबोऱ्याला ‘जीआय’ म्हणणारा विक्रेता एकतर गोंधळलेला आहे, नाहीतर तुम्हाला गोंधळवतो आहे.

‘हस्तिदंती घोडी’ असं लिहिलं असेल तर पुढे जाऊच नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे. सांबरशिंगाचंही तेच. उंटाच्या हाडाची, लाकडाची किंवा फायबरची घोडी नवशिक्याला पुरेशी आहे.

‘आजोबांचा तंबोरा’ असेल तर आजोबा गेल्यावर तो कुठे ठेवला होता, हे विचारा. माळ्यावर, पत्र्याखाली काढलेले दहा उन्हाळे सरसाने (लाकूड चिकटवायच्या गोंदाने) जोडलेले सांधे सैल करतात. आणि विक्रेता सांगली शहरातला किंवा कृष्णाकाठच्या गावातला असेल, तर एक प्रश्न स्पष्ट विचारायचा: २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात हा तंबोरा पाण्यात होता का? भिजलेला भोपळा वाळल्यावर वरून ठीक दिसतो, पण मऊ पडलेला असतो आणि त्याचे सांधे एकेक करून सुटत जातात. पाण्याची आडवी पुसट रेघ, किनारीची उचकटलेली सेल्युलॉइडची पट्टी आणि गवसणीला (कापडी खोळीला) येणारा कुबट वास ही त्याची लक्षणं. गवसणी नवी शिवलेली असेल तर वास कळणार नाही, तेव्हा रेघ शोधा.

व्हिडिओ कॉलवर काय बघायचं

दिवसाउजेडी, खिडकीजवळ कॉल करायला सांगा. पुढचं सगळं विक्रेत्याला एका कॉलमध्ये दाखवता येतं. टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच.

सुरुवात भोपळ्यापासून. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतात, वाळवून टणक झाले तरी आपटले की तडकतात. मोबाइलचा टॉर्च भोपळ्याला चिकटवून आडवा धरायला सांगा. समोरून न दिसणारी भेग आडव्या उजेडात सावली टाकते. पॉलिशच्या रंगाहून वेगळा, गडद पट्टा दिसला तर तिथे भेग भरून वरून रंग दिलेला असण्याची शक्यता मोठी. मग बोटाच्या पेराने चारी बाजूंनी टकटक करायला लावा. सगळीकडून सारखा आवाज यायला हवा, एखाद्या जागी फुटका आवाज किंवा खरखर आली तर तिथे आतून सुटलंय. भोपळ्याच्या बुडाला तारा जिथे अडकवलेल्या असतात, तो लंगोट नीट जवळून बघा. चारही तारांचा ओढा तिथे असतो आणि तिथली बारीक फाट दर महिन्याला वाढते.

टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पडलेली पिठासारखी भुकटी म्हणजे कीड. भुकटी ताजी असेल तर कीड जिवंत आहे. भोपळा आणि तुणीचं लाकूड दोन्ही ती खाते, आणि घरात आणलेल्या एका तंबोऱ्यातून ती शेजारच्या हार्मोनियमलाही लागू शकते.

त्यानंतर गळा, म्हणजे दांडी भोपळ्याला मिळते तो सांधा. तारा चढलेल्या असतानाच तो तपासायचा, कारण सैल तारांवर उघडा सांधाही मिटलेला दिसतो. एक साधा कागद सांध्याच्या रेघेत सरकवायला सांगा. कागद आत गेला तर सांधा सुटलेला आहे. शिवाय वरून, खुंट्यांच्या बाजूने, डोळा लावून दांडीच्या रेषेत कॅमेरा धरायला लावा: तारा घोडीच्या मधोमध उतरल्या पाहिजेत. सगळ्या एका बाजूला झुकलेल्या दिसल्या तर दांडीला पीळ आहे किंवा घोडी सरकलेली आहे. घोडी सरकलेली असणं क्षुल्लक, दांडीचा पीळ नाही.

तबलीवर फूटपट्टी उभ्या कडेने आडवी ठेवा. तबली मधोमध किंचित फुगीर असते. घोडीजवळ खळगा दिसला तर तबली बसलेली आहे, आणि अशा तंबोऱ्याचा नाद कितीही जवारी काढली तरी दबलेलाच राहतो.

खुंट्या शेवटी. प्रत्येक खुंटी एक फेरा सोडून पुन्हा चढवायची आणि दहा मिनिटं थांबायचं. घसरत असेल तर भोकात खडूची पूड लावून बहुधा भागतं. खुंटी झिजून आत गेलेली असेल तर नवी बसवावी लागते, पण तो खर्च परवडण्याजोगा असतो.

आवाज कॉलवर ऐकू नका

बहुतेक लोक इथेच फसतात. व्हिडिओ कॉलमध्ये सतत चालणारा आवाज ‘गोंगाट’ समजून दाबण्याची सोय असते, आणि तंबोऱ्याचा नाद सततच असतो. चांगला तंबोरा कॉलवर मुका वाटतो, आणि वाईट तंबोराही तेवढाच मुका वाटतो. त्यामुळे फोनच्या साध्या रेकॉर्डरवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मागा. फोन तबलीसमोर दोन-तीन फुटांवर ठेवायचा, तंबोरा प सा सा सा असा लावायचा, आधी एकेक तार सुटी छेडायची, मग चारही ओळीने. फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, व्हॉइस मेसेज म्हणून नको.

ऐकताना चारही तारांची जवारी सारखी आहे का, एवढंच बघा. एक तार गुंजते आणि शेजारची ‘टण्ण’ करून थांबते, तर त्या तारेखाली घोडीला खाच पडली आहे. सूत घोडीवर थोडं पुढेमागे सरकवून पुन्हा छेडायला सांगा. आवाज खुलला तर प्रश्न फक्त सुताचा होता. नाही खुलला तर कारागिराने घोडी घासून जवारी नव्याने काढायची. दोन्ही गोष्टी दुरुस्त होण्याजोग्या, आणि दोन्ही भाव पाडायला उपयोगी. खर्जाची (सगळ्यात खालच्या सुराची) तार मात्र लक्ष देऊन ऐका. ती छेडल्यावर भोपळ्यातून किंवा गळ्यातून लाकडी खडखड आली, तर काहीतरी सुटलेलं आहे.

किंमत आणि पैसे

त्याच मापाचा नवा तंबोरा मिरजेत आज कितीला मिळतो, हे आधी फोन करून विचारा. त्याच फोनवर जवारी काढणं, तारांचा संच आणि एक खुंटी यांचे दर घ्या. आमच्या मते निर्दोष जुन्या तंबोऱ्याला नव्याच्या निम्म्याहून जास्त देऊ नये, आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा. वाहतूकही तुमच्याच खिशातून जाणार आहे.

आगाऊ पैसे देऊ नका. ‘लष्करात आहे, बदली झाली, आजच पाठवतो’ म्हणत ओळखपत्राचा फोटो धाडणं ही जुनी युक्ती आहे. जाहिरातीतला फोटो गूगल लेन्सवर टाकून दुसरीकडून उचललेला नाही ना, हे बघा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. पुण्या-मुंबईत ओळखीचं कोणी असेल तर त्याला बघायला पाठवणं सगळ्यात स्वस्त.

आणायचा कसा

शक्य असेल तर स्वतः जाऊन कारने आणा. मागच्या सीटवर आडवा, तबली वर, भोपळ्याखाली गादी किंवा दुमडलेली चादर. एप्रिल-मेमध्ये वाटेत जेवायला थांबताना तो बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने सरस मऊ होतो.

कुरिअरनेच यायचा असेल तर घोडीची जागा तबलीवर कागदी टेपने खूण करून घ्यायला सांगा, कारण तारा पूर्ण सोडल्या की घोडी निघू शकते. तारा सोडायच्या मात्र नक्की. घोडी आणि मणी वेगळ्या पाकिटात, भोपळ्याभोवती चारी बाजूंनी किमान तीन इंच फोम, आणि बाहेर फळ्यांचा खोका. नुसतं पुठ्ठ्याचं खोकं पुरत नाही. नाजूक वस्तूची भरपाई मिळते का, हे बुकिंगच्या आधी लेखी विचारा. खोका फोडताना पहिल्या क्षणापासून व्हिडिओ काढा.

तंबोरा घरी आला की एक दिवस तसाच ठेवा. मग तारा चढवा, पण पहिल्या दिवशी दोन सूर खालीच थांबा आणि दोन-तीन दिवसांत पट्टीवर न्या. नव्या तारा दोन दिवस उतरतच राहतात, तो खुंटीचा दोष नव्हे. आधी तारा बदलून घ्या आणि मग जवारीला न्या; जवारी काढल्यावर तारेची जाडी बदलली तर पुन्हा पैसे जातात. कारागिराला पट्टी अचूक सांगा, ‘काळी चारच्या आसपास’ असं नको. जवारी त्या सुरावर तारा चढवूनच तपासली जाते, म्हणून तिथेच बसून चारही तारा ऐका आणि मगच तंबोऱ्यावर गवसणी चढवा.