दूरच्या युद्धाआडून येणारा ज्यूद्वेष कसा ओळखावा

गाझातले व्हिडिओ पाहून कुणाचंही काळीज हलतं. द्वेष पसरवणारे नेमका हाच क्षण साधतात. अतिउजवे असोत वा जिहादी, दुसऱ्याच्या दुःखावर आपली पोळी भाजून घेण्यात दोघेही तरबेज.

१. दोष कुणाला दिलाय ते पाहा. इस्रायल सरकार, तिथलं लष्कर, एखादा मंत्री यांच्यावर कितीही सडकून टीका असली तरी ती राजकीय टीकाच. पण ‘सरकार’वरून मजकूर हळूच ‘ज्यूं’वर आला, किंवा ‘बँका, मीडिया सगळं त्यांच्याच हातात’ असं सुरू झालं, की सावध व्हा. हा माल शिळा आहे. ज्यू जगावर राज्य करायचा कट रचताहेत असं भासवणारे, १९०३ साली रशियात छापलेले ‘प्रोटोकॉल्स’ बनावट असल्याचं लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्येच दाखवून दिलं होतं. तरी तेच आरोप आजही नव्या युद्धाचं लेबल लावून फिरतात.

२. मजकुरात ठिकाण आणि वेळ आहे का? ही पायरी सर्वांत महत्त्वाची. २९ ऑक्टोबर २०२३. रशियातलं दागेस्तान, गाझापासून कित्येक कोस दूर. इस्रायलमधून निर्वासित आणून इथे वसवणार, अशी अफवा उठली होती. एका टेलिग्राम चॅनलने तेल अवीवहून येणाऱ्या विमानाची माहिती देऊन लोकांना बोलावलं. शेकडोंचा जमाव मखाचकला विमानतळात घुसला, काही जण थेट धावपट्टीवर पोचले. बाहेर गाड्या अडवून प्रवाशांचे पासपोर्ट तपासले जात होते: ज्यू कोण? त्या प्रवाशांचा युद्धाशी संबंध काय, हे विचारायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. बातमी जेव्हा ‘अमुक वाजता अमुक ठिकाणी या’ म्हणते, तेव्हा ती चिथावणी असते. थेट पोलिसांना कळवा.

३. फोटो आधी कुणी टाकला? त्याच महिन्यात पॅरिसच्या भिंतींवर निळे दावीदतारे, म्हणजे ज्यूंचं चिन्ह असलेले सहा टोकांचे तारे, उमटले, सुमारे २५०. एका मोल्दोवन जोडप्याला अटक झाली. हे फोटो पसरवण्यामागे रशियाशी संबंधित बॉट-जाळं (आपोआप पोस्ट करणाऱ्या खोट्या खात्यांचं) असल्याचं फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केलं. रिव्हर्स इमेज सर्चला, म्हणजे फोटो टाकून तो आधी कुठे आला होता ते शोधायला, दोन मिनिटं लागतात. ती द्या.

४. ग्रुपवर भांडू नका. खोडून काढण्यासाठीही तो मजकूर पुढे पाठवू नका, प्रसार त्यानेही होतोच. पाठवणाऱ्याला खासगीत लिहा: “काका, नेतान्याहूंवर रागवा, तुमचा हक्क आहे. पण यात जगातले झाडून सगळे ज्यू ओढलेत. आपल्या अलिबाग-पेणचे शनवार तेली कुठल्या लढाईला गेले होते?” शनवार तेली म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले बेने इस्रायली ज्यू. त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलली गेली, हे बऱ्याच काकांना ठाऊक असतं. फक्त आठवण करून द्यावी लागते.

उत्तरादाखल कुणी सगळ्या मुसलमानांवर घसरलं, तर त्यालाही इथेच अडवा. कसोटी तीच, पहिल्या पायरीची. मूळ पोस्ट मात्र ॲपवर ‘रिपोर्ट’ करायला विसरू नका. स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, कारण पोस्ट उडाली की पोलिसांना दाखवायला हाती काही उरत नाही.