तत्त्वज्ञानातला गुंता सोडवायचा कसा, रामकुंडावर बसून

कालची गोदावरी आणि आजची एकच का? पाणी तर वाहून गेलं. यावर लगेच उत्तर शोधत बसू नका, आधी प्रश्नातला अडखळणारा शब्द पकडा, इथे तो आहे 'एकच'. आता विचारा, एकच म्हणजे तेच पाणी का ब्रह्मगिरीपासून येणारा तोच प्रवाह? पाणी म्हणाल तर नाही, प्रवाह म्हणाल तर हो, आणि मग भांडायला काही उरतच नाही.

मग वाक्य फोडून बघा. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने १९०५ मध्ये हेच केलं, 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे' यात तीन दावे लपलेत: असा राजा आहे, एकच आहे, आणि तो टकला आहे. पहिलाच खोटा, म्हणून अख्खं वाक्य खोटं, नसलेल्या राजाला कुठे शोधायची गरजच नाही. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं!

आणि शब्दाची जात तपासा, म्हणजे तो कुठल्या प्रकारच्या गोष्टीचं नाव आहे ते बघा. पाहुण्याला पंचवटी, सिडको, कॉलेज रोड सगळं फिरवलं तरी तो म्हणतो नाशिक कुठंय, तर त्याने शहराला अजून एक एरिया समजलं ना. ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइलच्या मते (१९४९) मनाला शरीरासारखीच वेगळी वस्तू समजणं ही तशीच चूक. सगळेच प्रश्न असे विरघळत नाहीत हां, पण आधी हे करून बघाच.