बायोप्सी अहवालातील 'पी५३'ची नोंद कशी वाचावी

कर्करोगाच्या अहवालात 'पी५३' असे लिहिलेले दिसले, की ती नोंद कोणत्या चाचणीची आहे हे सर्वप्रथम पाहावे. आयएचसी या चाचणीत पेशीच्या केंद्रकात असणारे पी५३ हे प्रथिन रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते, तर एनजीएसमध्ये ते प्रथिन घडवणाऱ्या टीपी५३ या जनुकाचा क्रम वाचला जातो. दोहोंचे निष्कर्ष बहुधा जुळतात, मात्र एकावरून दुसरा गृहीत धरू नये.

हे जनुक सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते आणि त्यापासून ३९३ अमिनो आम्लांचे प्रथिन तयार होते. डीएनएला इजा झाली, की हे प्रथिन पी२१सारखी इतर जनुके चालू करून पेशीचे विभाजन थांबवते आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मृत्यूकडे नेते. निरोगी पेशीत एमडीएम२ हे दुसरे प्रथिन त्याचा सतत नाश करत असल्यामुळे त्याचे प्रमाण अगदी कमी असते, आणि आयएचसीचे वाचन याच गोष्टीवर उभे आहे. १९७९ मध्ये पी५३चा शोध लागला, तेव्हा ते कर्करोग घडवणारे प्रथिन मानले गेले. अभ्यासात वापरलेल्या प्रती मुळात बिघडलेल्या होत्या, आणि मूळ जनुक कर्करोगाला आवर घालणारे आहे हे १९८९ च्या सुमारास स्पष्ट झाले. मानवी कर्करोगांपैकी जवळपास निम्म्यांत ते बिघडलेले आढळते.

आयएचसीच्या नोंदीत नुसते 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' लिहिलेले असेल, तर रंग कसा पसरला आहे याचे वर्णन पॅथॉलॉजिस्टकडून मागून घ्यावे. काही केंद्रके गडद, काही फिकट आणि काही कोरी, असा संमिश्र रंग हा सहसा शाबूत जनुकाचा असतो. एकच अमिनो आम्ल बदलणाऱ्या उत्परिवर्तनात (जनुकाच्या क्रमातील बदलात) सदोष प्रथिन नष्ट न होता साचत जाते आणि ट्यूमरची बहुतेक सारी केंद्रके गडद होतात. प्रथिन मध्येच तोडणाऱ्या उत्परिवर्तनात मात्र ट्यूमरमध्ये रंगच दिसत नाही. म्हणजे 'निगेटिव्ह' ही नोंदही बिघाडाची असू शकते. अशा वेळी त्याच काचेवरील आजूबाजूच्या निरोगी पेशींना थोडा तरी रंग आला आहे ना, हे विचारावे. तोही नसेल तर चाचणीच फसलेली असण्याची शक्यता आहे.

एनजीएसच्या अहवालात बदलाचे नाव असते. 'आर१७५एच' म्हणजे १७५ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आले. १७५, २४८ आणि २७३ या जागा वारंवार बिघडतात. 'पी७२आर' हा मात्र लोकांमध्ये सर्रास आढळणारा नैसर्गिक फरक आहे, त्याने घाबरून जाऊ नये. 'पॅथोजेनिक' (रोगकारक) आणि 'लाइकली पॅथोजेनिक' (बहुधा रोगकारक) या वर्गांना वजन द्यावे. 'व्हीयूएस' म्हणजे अर्थ अद्याप न ठरलेला बदल, त्याच्या आधारे उपचाराचा निर्णय घेऊ नये.

यानंतर कर्करोग कोणता, हे पाहावे. अंडाशयाच्या हाय-ग्रेड सिरस या आक्रमक प्रकारच्या कर्करोगात टीपी५३ जवळजवळ नेहमीच बिघडलेले असते, त्यामुळे तेथे ही नोंद मुख्यतः निदानाला पुष्टी देते. सीएलएल या रक्ताच्या कर्करोगात तिच्यावरून उपचार बदलतात: टीपी५३ बिघडलेले असेल किंवा सतराव्या गुणसूत्राचा तो भाग गळालेला असेल, तर केमोइम्युनोथेरपीचा (केमोथेरपी आणि प्रतिपिंड-औषधे यांच्या एकत्रित उपचाराचा) फारसा उपयोग होत नाही आणि इब्रुटिनिबच्या गटातील लक्ष्यवेधी औषधांसारखे पर्याय निवडले जातात. हा बिघाड नंतरही उद्भवू शकतो, म्हणून प्रत्येक नव्या उपचारापूर्वी चाचणी पुन्हा करावी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही विषाणूचे ई६ प्रथिन पी५३चा नाश घडवून आणते, तेव्हा जनुक शाबूत असूनही त्याचे काम बंद पडलेले असते. आपल्याकडे तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात टीपी५३चा बिघाड नेहमीचा आहे, परंतु शस्त्रक्रिया आणि रेडिएशनचे निर्णय मुख्यतः आजाराच्या टप्प्यावरून घेतले जात असल्याने, केवळ या नोंदीसाठी महागडी चाचणी करण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

बिघाड फक्त ट्यूमरमध्ये आहे की जन्मतःच आलेला आहे, हा प्रश्न शेवटी उरतो. कुटुंबात लहान वयात सार्कोमा (हाडांचा किंवा स्नायूंसारख्या मऊ ऊतींचा कर्करोग), मेंदूचा ट्यूमर, अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीचा किंवा तिशीच्या आतबाहेर स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ली-फ्रॉमेनी सिंड्रोमची, म्हणजे टीपी५३च्या जन्मजात बिघाडामुळे कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक विकाराची, शंका घेऊन जनुकीय समुपदेशकाच्या सल्ल्याने रक्ताची चाचणी करावी. उतारवयात रक्तपेशींमध्ये नव्याने आलेला टीपी५३चा बदलही या चाचणीत सापडू शकतो. म्हणून शंका राहिल्यास त्वचेतून वाढवलेल्या पेशींवर खात्री करून घेतात. निदान पक्के झाल्यास ते रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण अशा रुग्णांत रेडिएशनमुळे नवा कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो आणि शक्य तेथे ते टाळले जाते. प्रत्येक अपत्याकडे हा बदल जाण्याची शक्यता ५० टक्के असते, आणि यातील काही कर्करोग बालपणीच होत असल्यामुळे मुलांची चाचणी मोठेपणापर्यंत लांबवू नये.